तगरीची आठ फुलं

“ऑपरेशन झालंय तिचं. हार्टचं.”

हे वाक्य मी पूर्ण ऐकलं, आणि त्याच्या पुढची चार वाक्यंही. धावणाऱ्या माणसाच्या कानावर खरं तर बाकावरच्या गप्पांतला एखादाच शब्द पडायला हवा. पण मी त्या दिवसांत इतकी हळू धावत होते, की बाकाजवळून जाता जाता एक अख्खी चर्चा ऐकून व्हायची. निळी टोपी घातलेल्या काकू सांगत होत्या, की त्यांच्या नणंदेची बायपास झाली तेव्हा तिलाही डॉक्टरांनी अगदी असंच करायला लावलं होतं. जरा चालायचं, जरा वेग वाढवायचा, छातीला पट्टा, हाताला मशीन, आणि मशीन वाजलं की लगेच थांबायचं. त्यांच्या शेजारी एक वयस्कर मावशी बसल्या होत्या. साडीवर पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, मांडीवर फुलांची पिशवी. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, “एवढ्याशा वयात. काय गो बाय.”

तिथंच वळून सांगायला हवं होतं, की माझं कसलंही ऑपरेशन झालेलं नाही. मी हसले. ओठ न उघडता हसायची माझी सवय आहे, समोरच्याला त्यातून हवं ते घेता येतं. आणि नेमकं तेव्हाच मनगटावरचं घड्याळ वाजलं. मी थांबले, छातीवरचा पट्टा खाली सरकला होता तो टीशर्टवरून दाबून वर घेतला आणि चालायला लागले. मागून आवाज आला, “बगितलंस?”

सानपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या मागे एक धारण तलाव आहे. भरतीचं पाणी वस्तीत शिरू नये म्हणून बांधलेला. त्याच्या कडेनं फरशी घातलेला रस्ता आहे, एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला आमच्यासारख्यांच्या बाल्कन्या. एक फेरी सव्वा किलोमीटरची. आठ फेऱ्या म्हणजे दहा किलोमीटर. मला ते दहा किलोमीटर न थांबता धावायचे होते. कुठल्या स्पर्धेसाठी नाही. शाळेत स्पोर्ट्स डेला मी कायम गुण लिहायच्या टेबलावर असायचे. अक्षर चांगलं होतं, आणि चारशे मीटरच्या अर्ध्यातच बरगडीत कळ यायची. सत्ताविसाव्या वर्षी मला एकदा तरी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जायचं होतं.

याआधी मी तीनदा सुरुवात करून तीनदा सोडलं होतं. दर वेळी पहिल्याच दिवशी जीव खाऊन धावायचे, आठवड्यात नडगी दुखायची, की शूज परत कपाटात. माझा आतेभाऊ बरीच वर्षं धावतोय. त्यानं एकदा मला बघितलं आणि म्हणाला, की तू अशी धावतेस जसं कुणी मागे लागलंय. मग त्यानं हिशेब करून दिला. एकशे ऐंशीतून वय वजा करायचं, नवीन माणूस असेल तर आणखी पाच. माझे आले एकशे अठ्ठेचाळीस. हृदयाचे ठोके मिनिटाला त्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. छातीवरचा पट्टा ठोके मोजेल, जास्त झाले तर घड्याळ वाजेल, मग चालायचं, ठोके उतरले की परत धावायचं. कितीही हळू झालं तरी चालेल. काही महिन्यांत तेवढ्याच ठोक्यांत शरीर जास्त लांब जायला शिकतं. घड्याळ नसेल तर आणखी सोपी परीक्षा, धावता धावता एक लांब वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. कुणाशी तरी बोलत जा, असंही तो म्हणाला. सकाळी सहाला माझ्याशी बोलणारं कुणी नसतं, आणि मला ते तसंच आवडतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

पहिला महिना मजेशीर होता. मी धावायचे आणि चालणारे लोक मला मागे टाकायचे. फोनवर टाइल्सचा भाव विचारत चालणारा एक माणूस रोज मला ओलांडायचा. काठी घेतलेले एक आजोबा तर ओलांडताना जरा दिलगीर दिसायचे. एका फेरीला सतरा मिनिटं लागायची. पण पहिल्यांदाच असं झालं, की धावून घरी आल्यावर मला भूक लागायची, रडू यायचं नाही. अंघोळ करून बेलापूरला ऑफिसला जायचे आणि दिवसभर पायांत एक छान उबदार जडपणा असायचा. कुणाला माहीत नसलेली चांगली बातमी खिशात असावी, तसा.

फक्त एक गोष्ट कळत नव्हती. मोबाईलवर धावण्याचा आलेख यायचा, त्यात प्रत्येक फेरीत एकाच जागी डोंगर असायचा. त्या वळणावर ठोके हमखास एकशे पंचावन्नवर. मला वाटलं चढ असेल. नंतर नीट बघितलं तर रस्ता ताटासारखा सपाट. मग एका सकाळी त्या वळणावरचा बाक रिकामा होता, मावशींच्या गावात हळद होती म्हणून सगळ्या तिकडे गेल्या होत्या. त्या दिवशी डोंगर आलाच नाही. घड्याळ एकदाही वाजलं नाही.

म्हणजे तो चढ माझ्या आतला होता. मी लिफ्टमध्ये कुणी असेल तर जिन्यानं जाणारी मुलगी आहे. घरी आम्ही मराठी बोलतो, पण शाळा इंग्रजी, मित्रमैत्रिणी सगळ्या भाषांचे, त्यामुळे मोठ्या बायकांशी मराठीत बोलायची वेळ आली, की मी वाक्य मनात बांधायला घेते. क्रियापद नीट बसेपर्यंत समोरची व्यक्ती निघून गेलेली असते. बाक दिसला की मला वाटायचं, आता त्या काहीतरी विचारतील. ठोके चढायचे, घड्याळ वाजायचं, मी थांबून छातीला हात लावायचे. आणि बाकावर माझ्या आजाराचा आणखी एक पुरावा जमा व्हायचा.

आजारी माणसाला आपल्याकडे फार जपतात. दोन आठवड्यांत त्या रस्त्यावर माझी सोय झाली. माझ्या वाटेत कुणी उभं राहत नसे. काठीवाले आजोबा मला ओलांडताना “सावकाश” म्हणू लागले. टोपीवाल्या काकू मला हातानं खूण करायच्या, श्वास घे, सोड, घे. आणि मावशी माझ्या फेऱ्या मोजायला लागल्या.

मावशी तलावाच्या पलीकडच्या मूळ गावातल्या. रोज उजाडताना कुंपणाकडेची तगर आणि जास्वंद देवासाठी तोडून आणायच्या. माझी एक फेरी झाली, की पिशवीतलं तगरीचं एक फूल काढून बाकाच्या कडेला ठेवायच्या. दुसरी झाली की दुसरं. मी थांबले, की ती फुलं पिशवीत एका बाजूला ठेवून घरी जायच्या. एकदा ठोके उतरवायला मी चालत होते तेव्हा त्या बरोबर आल्या. सगळं त्याच बोलल्या, मी मान हलवली. हा तलाव आहे तिथं पूर्वी त्यांच्या सासऱ्यांचं मिठागर होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा पहिली चार वर्षं त्यांनी इथंच डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. “या बांधावर मी बी लय फेऱ्या मारल्यात,” त्या म्हणाल्या. “मोजनारं कोन नव्हतं.” वेगळी ठेवलेली फुलं त्या देव्हाऱ्यात आधी वाहतात, हेही तेव्हाच कळलं. माझ्या फेऱ्या रोज कुणाच्या तरी देवापर्यंत जात होत्या, आणि मला अजून साधं “नाही हो, मी बरी आहे” म्हणता येत नव्हतं.

मग टोपीवाल्या काकूंकडून लाडू आले. स्टीलच्या डब्यात डिंकाचे सहा लाडू, वर खसखस. हे घेताना तरी सांगायचं, असं मी ठरवलं होतं. मी “थँक यू” म्हणाले. लाडू इतके चांगले होते, की घरी पोचेपर्यंत दोनच उरले.

आईला हे सगळं लिफ्टमध्ये कळलं. टोपीवाल्या काकू आमच्याच सोसायटीतल्या, त्यांनी विचारलं, मुलीची तब्येत आता कशी आहे, टाके दुखत नाहीत ना. आईनं वर येऊन मला आधी नीट न्याहाळलं आणि मग सोफ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी म्हटलं, तूच सांग ना त्यांना. ती म्हणाली, की मी मुळीच सांगणार नाही, देवानं तोंड तुला पण दिलंय. आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून त्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिली.

डिसेंबर संपताना माझी फेरी तेरा मिनिटांवर आली. ठोके तेच, एकशे अठ्ठेचाळीसच्या आत, पण पाय आपोआप पुढे जायला लागले होते. टाइल्सवाला माणूस आता मागे पडायचा. पाच फेऱ्या, मग सहा. बाक आला की अजून घड्याळ वाजायचं, पण मी आता थांबत नव्हते, जरा पावलं आखडती घेतली की ठोके उतरायचे. मावशींना फार आनंद झाला. तुला कितीपर्यंत जायचंय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी आठ बोटं दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, की गावदेवीला नवस बोललाय. ज्या दिवशी मी आठ फेऱ्या न थांबता करीन, त्या दिवशी देवीला नारळ आणि ओटी. “तुजं काळीज तिनं सांभाळलं,” त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात माझ्या सात फेऱ्या झाल्या. आठवी सहज झाली असती. पण आठवी झाली, की ज्या काळजाला काहीच झालं नव्हतं त्यासाठी एक म्हातारी बाई देवीसमोर नारळ फोडणार होती. मी सातव्या फेरीनंतर थांबले आणि हातानं खूण केली, दमले. दोन दिवसांनीही तेच. पुढच्या रविवारीही तेच. आयुष्यात पहिल्यांदा पाय चालत होते आणि मी त्यांना खोटं बोलायला लावत होते. मावशी पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, “ऱ्हाऊ दे. घाई नाय.” बाकावर तगरीची सात फुलं असायची आणि मी तिकडे बघायचं टाळायचे.

एका शुक्रवारी मी अशीच सातला थांबले. मावशी जास्वंदीकडे गेल्या होत्या. टोपीवाल्या काकूंनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, “त्यांनी मावरं सोडलंय तुझ्यासाठी. तुझी आठवी होईपर्यंत. बुधवारी घरात सुनांनी बोंबील तळले आणि ह्या वाटाण्याची उसळ खात बसल्या.”

आम्ही साताऱ्याकडचे. आमच्याकडे मासे वर्षातून दोनदा येतात, आणि मला अजून काटे काढता येत नाहीत, म्हणून मी रस्सा आणि भातावर भागवते. पण बुधवार, शुक्रवार आणि रविवार म्हणजे त्या गावात काय असतं, ते त्या बाजूच्या बाल्कनीत उभं राहिलं तरी वासावरून कळतं. आणि आज शुक्रवार होता.

शनिवारी मी धावले नाही. मोबाईलवर काय बोलायचं ते लिहून काढलं आणि आईला वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य ‘वस्तुतः माझ्या प्रकृतीविषयी आपला गैरसमज झाला आहे’ असं होतं. आई म्हणाली, की हे ऐकून त्यांना वाटेल सोसायटीची नोटीस आलीय. तिनं ते पुसायला लावलं. आणखी एक गोष्ट ती म्हणाली, ती मला आवडली नाही कारण खरी होती. तुला त्या रागावतील याची भीती नाहीये, म्हणाली, त्या लाड करायच्या थांबतील याची आहे.

रविवारी गार हवा होती. भरती ओसरून गेल्यामुळे चिखल उघडा पडला होता आणि दूरवर फ्लेमिंगो माना खाली घालून उभे होते. बाकावर पहिलं फूल पडलं, दुसरं पडलं. आठ फेऱ्या संपवून त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि सगळं सांगायचं, असं ठरवून आले होते. चौथ्या फेरीत मला स्वतःची खात्री वाटेना. उभी राहिले तर मी हसेन, ओठ न उघडता. पाचव्या फेरीत लक्षात आलं, की धावणाऱ्या माणसाला एक मोठी सोय असते. बोलून झालं, की तिथं थांबावं लागत नाही.

सातव्या फेरीच्या शेवटी बाक जवळ आला. घड्याळ वाजलं. मी पावलं आखडली आणि धावता धावताच बोलायला सुरुवात केली. माझं ऑपरेशन झालेलं नाही, कधीच झालं नव्हतं, हा पट्टा नुसते ठोके मोजतो, हळू धावलं तर दम वाढतो म्हणून मी मुद्दाम हळू धावते, मला आधीच सांगायला पाहिजे होतं, आणि प्लीज आजपासून मासे खा. शेवटचा भाग मी मान वळवून, बाक ओलांडून गेल्यावर सांगितला. एवढं लांब मी घराबाहेर कधी बोलले नसेन. पन्नास पावलं पुढे गेल्यावर कळलं, की मधे कुठेही दम लागला नव्हता. आतेभावाची परीक्षा मी पास झाले होते.

मग एक अख्खी फेरी काहीच कळणार नव्हतं. त्या काय म्हणाल्या हे जाणून घेण्यासाठी मला पळत सुटावंसं वाटत होतं, आणि पळता येत नव्हतं, कारण एकशे अठ्ठेचाळीस. तलावाच्या पलीकडून बाक काडेपेटीएवढा दिसायचा. निळी टोपी सारखी हलत होती. पांढरे शूज स्थिर. काठीवाले आजोबाही तिथं जाऊन उभे राहिले होते. मला वाटलं, आता हे सगळे मिळून घरी जातील आणि उद्यापासून बाकावर एकही फूल नसेल. तेवढ्यात मनगटाकडे लक्ष गेलं. ठोके एकशे एकेचाळीस. इतकी घाबरलेली असताना माझे ठोके एवढे कमी कधीच नव्हते.

वळण आलं, बाक आला, घड्याळ गप्प राहिलं. मावशी रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांच्या हातात आठवं फूल होतं, अजून बाकावर न ठेवलेलं. मी आठवी फेरी पूर्ण करून त्यांच्यासमोर थांबले. त्यांनी आपला तळहात माझ्या छातीवर, पट्ट्याच्या जरा वर ठेवला आणि मान कलती करून थांबल्या. दळण नीट येतंय का बघताना बायका पिठात हात घालून थांबतात, तशा.

“झकास चाललंय,” त्या म्हणाल्या.

टोपीवाल्या काकू लगेच म्हणाल्या, की त्यांना पहिल्यापासून शंका होतीच. मावशींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. “तूच बोललीस बायपास. टाकेबी तूच घातलेस.” आजोबा मोठ्यानं हसले, मग काकूही हसल्या, आणि माझ्या लक्षात आलं, की मी सुद्धा तोंड उघडून हसत होते. लाडवांचं मात्र वाईट वाटून घेऊ नकोस, काकू म्हणाल्या, धडधाकट माणसालाही डिंक चालतो.

मी हळूच विचारलं, की आता नवसाचं काय.

“काय म्हंजे? नारल फोडायचा,” मावशी म्हणाल्या. “देवीला काय सांगू, पोर चांगली निघाली म्हनून कॅन्सल?” आणि त्यांनी आठवं फूल बाकावर ठेवलं, मग आठही उचलून पिशवीत टाकली. मिठाच्या पाट्या वाहिलेल्या त्या हातांत ती फुलं फार लहान दिसत होती.

मग त्यांनी घाईनं पिशवी सावरली. गावाच्या नाक्यावर मासेवाली नऊपर्यंतच बसते, रविवारी बोय ताजी मिळते, उशीर केला तर उरलंसुरलं घ्यावं लागतं. चार पावलं गेल्या आणि मागे वळल्या. “तुमच्यात मावरं खात असतील-नसतील, नायतर जेवायला ये बोलले असते,” असं काहीतरी म्हणाल्या. निघताना माणसं सहज म्हणतात तसं, उत्तराची वाट न बघता. एरवी मी अशा वेळी मान हलवते आणि घरी जाते. वाक्य मनात बांधायलाही मी थांबले नाही.

“मी येते आज जेवायला, मावशी. पण काटे तुम्ही काढून द्या.”